बैरंग पाकीट

इसरू पोस्टमननं आवाज दिला तेव्हा वामनराव मास्तर एका हातानं पायजम्याची नाडी धरून दाराशी आले होते, आणि इसरूनं पुढं केलेलं पाकीट दिसताच त्यांनी नाडी सोडून ते दोन्ही हातांनी धरलं. पायजमा कमरेवर कसाबसा टिकला, नशीब म्हणायचं. "वापस आलं जी मास्तर," इसरू म्हणाला. "अक्षर तुमचंच हाय. केसरबाईच्या पोराले धाडलं होतं नं हे?" बाहेर चंद्रपुरी मे महिना पेटला होता, वीजकेंद्राची राख ओट्यावर बसली होती. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, छातीत काहीतरी गोड गोड दुखू लागलं. बोहल्यावर उभं राहतानाही त्यांना असं झालं नव्हतं. पाकिटाच्या डाव्या अंगाला वर्तुळातला ठसठशीत टी. त्याच्याजवळ निळ्या शाईत अपूर्णांक, वर एक आकडा, मध्ये रेघ, खाली एक आकडा. पलीकडं थायलंडच्या डाकेचा गोल शिक्का. आणि सगळ्यांवर तिरकी चिकटवलेली गुलाबी चिठ्ठी, तिच्यात फ्रेंच भाषेत चार-पाच कारणं छापलेली, त्यातल्या एकापुढं कुणीतरी निवांतपणे फुली मारलेली. रफ्यूझे. म्हणजे घेण्यास नकार. "पानी तरी पाजा मास्तर," इसरू म्हणाला. पाण्याचं मास्तरांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं, आणि इसरू "वा रे वा" असं म्हणून सायकलवर बसला.

वामनराव म्हणजे जटपुरा गेटाजवळच्या शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. पोरांना नद्या शिकवता शिकवता त्यांचा घसा बसला, पण नद्यांवर त्यांचा जीव कधी नव्हता. जीव होता शिक्क्यांवर. तिकिटं तर काय, कुणीही जमवतं, शेंबडं पोरगंही जमवतं. मास्तरांना हवी ती परदेशी पत्रं, ज्यांच्यावर तिकीट कमी लागलेलं असतं. अशा पत्रावर निघाल्या देशात टीचा शिक्का बसतो, कमी किती ते लिहिलं जातं, आणि पोचल्या देशात घेणाऱ्याकडून दंडासकट वसूल होतं. इसरूसारखे लोक त्याला बैरंग म्हणतात. टी कुठं वर्तुळात, कुठं षटकोनात, कुठं नुसताच उघडा. जुन्या काळी त्याच्याजवळ सेंटिम्सचे आकडे, नंतरच्या काळात अपूर्णांक. कडा झिजलेला, शाई फुटलेला, अर्धाच उमटलेला शिक्का भिंगाखाली धरावा आणि हा अमक्या बंदरातला, अमक्या सालचा, असं म्हणावं, यात मास्तरांना जो आनंद होई तो आमच्यातुमच्या नशिबी नाही. पहिलं पाकीट त्यांना कबाड्याकडं मिळालं होतं. सिरोंच्याच्या जंगलखात्यातल्या कुण्या इंग्रज साहेबाला बेल्जियमहून आलेलं, इंग्रजांच्या काळातलं. आत पत्र होतं, आणि पत्रात दोऱ्यानं बांधलेली लहान लेकराच्या केसांची बट होती, बारीक, पिवळट. मास्तरांनी बट खिडकीतून फुंकून दिली, पत्राची पुडी करून तीत जर्दा बांधला आणि पाकीट ठेवून घेतलं. आतलं वाचायचं नाही, हा त्यांचा बाणा. पत्रात माणसं रडतात, खोटं बोलतात, भलतंसलतं लिहितात. शिक्का तसलं काही करत नाही. बायको असताना म्हणायची, "तुमच्या पाकिटाइले आग लागो." ती गेली, पाकिटं राहिली.

आदल्या वर्षी नागपूरच्या डाकतिकिटांच्या प्रदर्शनात त्यांची पार फजिती झाली होती. जगभरचे टी शिक्के त्यांनी मांडले होते, पण आपल्या गावातून निघालेलं, दंड पडलेलं, नाकारलं जाऊन परत आलेलं असं एक तरी पाकीट हवं म्हणून त्यांनी कोलंबोच्या एका शौकिनाशी संधान बांधलं. चंद्रपूरहून कमी तिकिटाचं पत्र टाकलं, त्यानं ठरल्याप्रमाणं नाकारलं, ते परत आलं. आत कोरा कागद. परीक्षक म्हाताऱ्यानं भिंग लावलं, पत्ता वाचला, आणि सगळ्यांसमोर हसला. "मास्तर, हे लग्न तुम्ही घरच्या घरी लावलंय," तो म्हणाला. "दोन शौकिनांनी मिळून बनवलेला शिक्का. शिक्का खरा आहे, पण डाक खोटी आहे. अहो, कुणाचं तरी खरं काम अडलं पाहिजे! तेव्हा तो शिक्का अस्सल." भोवतालचे सगळे खिदळले. मास्तरांनी गाडीत डबाही उघडला नाही. बल्लारशाकडं जाणाऱ्या पॅसेंजरच्या खिडकीला कपाळ टेकून ते बसून राहिले, आणि म्हाताऱ्याचा राग राग करताना आतल्या आत त्यांना कळत होतं की म्हातारा बरोबर बोलला. खरं काम अडलं पाहिजे. खऱ्या माणसाचं. ते वाक्य मग त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. फळ्यावर गोदावरीचं खोरं काढताना खडू थांबे आणि पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत.

आणि खरं माणूस तर बाबूपेठेत बसलं होतं, हाकेच्या अंतरावर. केसरबाईचा पोरगा खुशाल थायलंडात भिक्खू झाला होता, कुठल्याशा जंगलातल्या विहारात. आता त्याचं नाव भन्ते खेमानंद. पण केसरबाईच्या तोंडी खुशालच. त्याची पत्रं दर दोन-चार महिन्यांनी येत आणि हटकून बैरंग येत, कारण भिक्खूच्या नेमानं तो पैशाला हात लावत नव्हता, तिकडचा कुणी खेडूत अंदाजानं तिकिटं लावून देई. इसरूकडून कानावर आलं तसे मास्तर पाकिटं मागायला तिच्या दारी गेले होते. "पत्र मले ठेवा, पाकीट तुमी न्या," ती हसत म्हणाली होती. "पोराचं पत्र बैरंग आलं तरी पोराचंच नं जी." दंड ती आनंदानं भरी. तिचा नवरा लटारू कोळशाच्या खाणीत होता, बोलायला कमी, खोकायला जास्त. मास्तर इंग्रजीत पत्ता झोकात लिहून देत, म्हणून तिची पत्रंही त्यांच्याच हातून जाऊ लागली. तिच्या घराला नंबर नव्हता, तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता मास्तरांचा. चहा पिताना ती पोराबद्दल सांगे. चीवर घ्यायला आईबापाची परवानगी लागते, तेव्हा तो तिच्या पायाशी बसला होता. "बापानं लवकर देल्ली. मी देत नव्हती. तीन रोज जेवली नाई मी. मंग म्हनलं, जाय बाबू. बाबासाहेबानं आमाले हा मार्ग दाखवला, मंग माह्याच घरून एक जाऊन राह्यला तं मी काऊन आडवी होऊ?" हे सांगताना तिचे डोळे भरत आणि मान ताठ होई. मास्तर मान डोलवत, आणि त्यांची नजर कोनाड्यातल्या पाकिटांवर असे.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळ्याच्या आत कापून टाका, अजून वेळ गेलेली नाही. लटारू हो म्हणाला, आजूबाजूच्या बाया हो म्हणाल्या, केसरबाईनं मात्र हट्ट धरला. "मी त्याले परवानगी देल्ली होती. आता त्यानं मले देवाव. खुशाल हो म्हनन, तवाच पोटाले सुरी लावू देईन." कुणी येडी म्हणालं, कुणी भित्री म्हणालं. ती भीत होतीच, पण भीतीहून मोठं तिच्या मनात दुसरं काहीतरी होतं, एकदा त्याच्याकडून काही मागून घ्यायचं होतं. लटारूनं आपल्या वळणानं पत्र लिहिलं, खळ लावून बंद केलं, आणि मास्तरांच्या हाती देताना दोन्ही हात जोडले. "मास्तर, हे लवकर पोचलं पायजे जी. ते कोनाचंच आयकत नाई. पोराचा एक शबूद आला का मी तिले उचलून नेतो."

खरं काम. खरं माणूस. अडलेलं. मास्तर ते पाकीट घेऊन घरी आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. विहारात दंडाचं पत्र गेलं तर भन्ते पैसे देणार कुठून? तो तर पैशाला शिवतही नाही. आईनंच अभिमानानं सांगितलेलं. कुणी भला उपासक आसपास असला तर देईलही, मग पत्र पोचलं, बाईचं काम झालं, आपलं नुकसान. नसला तर परत येईल. यात आपण काय करतो? एक तिकीट कमी लावतो, एवढंच. जगात रोज हजारो लोक कमी लावतात. मास्तरांनी टेबलाशी बसून तिकिटं नीट ओळीत चिकटवली, एक हातात ठेवलं, आणि ते वहीच्या पानात दाबून टाकलं. पोस्टाच्या खिडकीवर नेलं असतं तर कारकुनानं वजन करून चूक काढली असती, म्हणून ते जाऊन त्यांनी गेटाजवळच्या लाल पेटीत टाकलं. आणि मजा अशी की तिकिटांचे उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी जाऊन केसरबाईला परत केले, दर उतरले असं सांगून. दुसऱ्याच्या पैशाला हात लावणारा माणूस नव्हता तो. ती म्हणाली, "असा परामाणिक मानूस पाह्यला नाई." मास्तरांना ते ऐकून बरंच वाटलं.

आता ते पाकीट त्यांच्या पुढ्यात होतं. कडेनं पातळ पात्यानं त्यांनी ते असं उघडलं की शिक्क्याला धक्का लागू नये. आतला कागद घडी न उलगडता बाजूला ठेवला. तो ज्याचा त्याला परत द्यायचा, न वाचता, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं की दुसरं काही सुचलंही नाही. पुन्हा पुरेशी तिकिटं लावून टाकावं, असं? सुचलं की. सुचलं आणि त्यांनी ते गोचिडासारखं उपटून टाकलं. कारण पुन्हा टाकायचं तर लटारूला सांगावं लागणार, तो विचारणार का परत आलं, पाकीट मागणार. न सांगता टाकलं आणि दुसरं पोचलं, तर हे पहिलं अडलं कुठं? अडलेलं काम मोकळं झालं की शिक्का हलका झाला. असा विचार माणूस करू शकतो, यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसायचा नाही, पण मास्तरांनी तो केला, आणि करताना ते भिंगाखालची फुली पाहत होते.

संध्याकाळी ते कागद घेऊन बाबूपेठेत गेले. पाकीटही नेलं. न नेतील तर मास्तर कसले! केसरबाई खाटेवर बसली होती, पोट धरून, पण त्यांना बघून पदर सावरून उठायला गेली. "जबाब आला जी?" मास्तरांनी कागद लटारूकडं दिला. "परत आलं," ते म्हणाले. "घेतलं नाही त्यानं." लटारूला काही कळेना. "काऊन? पत्ता चुकला काय?" मास्तर म्हणाले, "पत्ता बरोबर आहे. हे बघा, इथं कारणं छापलेली असतात. पत्ता चुकला तर वेगळं, माणूस निघून गेला तर वेगळं, मेला तर वेगळं. फुली कशापुढं आहे? रफ्यूझे. म्हणजे समोर आणलं होतं, त्यानं नाकारलं." ते बोटानं अक्षरं दाखवत होते, वर्गात नकाशावर दाखवतात तसं, आणि आवाजात तीच गोडी होती. खोटं त्यात अक्षरही नव्हतं. छापलं होतं तेच ते वाचत होते. केसरबाई वाकून पाहत राहिली. मग तिचं बोट सरकत डावीकडं गेलं. "हा शिक्का तं खुशालच्या पाकिटावरबी रायते. तवा इसरू पैसे मागते." लटारूनं मान वर केली. त्या क्षणी एक वाक्य पुरे होतं. चूक झाली बाई, तिकीट कमी पडलं, एवढंच. कुणी त्यांना फाशी देणार नव्हतं. जिभेवर आलेलं ते वाक्य, आणि त्याच्या मागोमाग तो नागपूरचा हॉल, ती खिदळणारी तोंडं. "परदेशी डाकेवर असतोच तो," मास्तर म्हणाले. "जातानाही असतो, येतानाही असतो." केसरबाईनं बोट काढून घेतलं. "असन," ती म्हणाली. लटारू खोकत होता. शेवटी तिनंच विचारलं, "पाकीट पायजे असन नं तुमाले? न्या जी."

नागपूरला त्यांनी बाजी मारली. म्हाताऱ्या परीक्षकानं यंदा भिंग लावलं ते बराच वेळ काढलं नाही. "हे अस्सल," तो हळू म्हणाला. "हे बनवलेलं नाही. कुणाचं तरी खरंच अडलेलं दिसतं हो मास्तर. आत काय होतं?" मास्तर म्हणाले, "मी पत्रं वाचत नाही." म्हाताऱ्यानं पसंतीनं मान हलवली, बरोबर आहे, शौकिनानं वाचू नये. गळ्यात पदक पडलं, टाळ्या पडल्या, गेल्या वर्षी हसलेल्यांनी हात मिळवले. मास्तरांना हे सगळं कितीतरी दिवस पुरेल असं वाटलं होतं. पण परतीच्या गाडीत वरोऱ्याच्या पुढं त्यांना एकाएकी उदास वाटू लागलं, आणि ते का हे त्यांना शोधावंसंही वाटलं नाही. पदक खिशात टोचत होतं. गावात पाऊस येऊन गेला होता, धान रोवून झाले होते, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेली मुदतही सरली होती. केसरबाई नागपूरला गेलीच नाही. "आता कोनाले इचारू?" एवढंच म्हणाली, आणि लटारूनं किती डोकं फोडलं तरी पुन्हा पत्र लिहू देईना. मास्तरांनी तिकडची वाट सोडली होती. शाळेतून येताना ते दुसऱ्या गल्लीनं येत.

श्रावणात एका सकाळी इसरूनं रस्त्यात सायकल थांबवली. "मास्तर, केसरबाईच्या पोराचं पत्र आलं. बैरंग हाय. चालता काय? पाकीट तं तुमालेच लागन." पाय जाऊ नको म्हणत होते आणि मास्तर चालू लागले होते. इसरू थैलीतून पाकीट काढून दाखवत होता, यावेळी टी षटकोनात होता, कोरा करकरीत, सगळे कोपरे उमटलेले, असा ठसा जन्मात एखादाच सापडतो. मास्तरांच्या छातीत ते गोड दुखणं सुरू झालं, आणि पहिल्यांदाच त्यांना त्याची घाण वाटली. तरी दुखणं थांबलं नाही. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलंही, की झालं हे बरंच झालं. ती पत्र घेईल, त्यात काहीतरी असेलच, पोरगा आईला विसरलेला नाही हे तिला दिसेल, नागपूरला जाईल. आपोआप सगळं जागच्या जागी बसेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही.

केसरबाई आता उठत नव्हती. खाटेवर ती अगदी थोडीशी उरली होती, पोट तेवढं मोठं दिसत होतं. "बाई, खुशालचं पत्र," इसरू दारातूनच ओरडला. लटारू आतून धावत आला, खिसे चाचपत. तिनं हात वर केला. "घेऊ नोको." लटारू थबकला. "अवं, पैसे हायेत वं माह्यापाशी." ती म्हणाली, "पैशाचं नाई सांगून राह्यली मी. वापस कर." मास्तर पुढं झाले. "केसरबाई, घ्या. मी भरतो दंड." तिनं त्यांच्याकडं पाहिलं. "तुमी काऊन भरता जी?" प्रश्न साधा होता, संशय नव्हता त्यात. मास्तरांनी तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात सगळं होतं, लाल पेटी, वहीत दाबलेलं तिकीट, म्हाताऱ्याचं भिंग. "सहज," ते म्हणाले.

"मी त्याले जाय म्हनलं होतं, पन सोडलं नव्हतं मास्तर," केसरबाई सावकाश बोलू लागली. धाप लागत होती, पण चेहरा निवांत होता, आणि तो निवांतपणा बघवत नव्हता. "चीवर देल्लं अन् पदर तसाच धरून ठेवला. पोट दुखलं का खुशाल. डाक्टरनं बोलावलं का खुशाल. त्यानं माह्यं पत्र घेतलं नाई, मी लय रडली. मंग ध्यानात आलं. बरूबर केलं पोरानं. भिक्खूले कोनाची माय नसते. आता त्याचा जीव हालला असन, म्हनून लिवलं. मी घेतलं तं त्याचा नेम मोडन, माह्यापायी. त्याच्या वाटेत मी नाई येत." लटारू भिंतीला धरून खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून हुंदके देऊ लागला. इसरूनं पेन्सिल काढली, पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असं लिहू लागला. "तसं नोको," केसरबाई म्हणाली. "तिकडं कोनाले मराठी येईन? माह्या पत्रावर होतं तसं लिवा. थोच शबूद. मास्तराइले येते. त्यानं मले सांगतलं तसंच मी त्याले सांगतो, का मायनंबी सोडलं."

इसरूनं पाकीट पुढं केलं. मास्तरांनी ते घेतलं. कागदातून आतल्या पत्राची जाडी बोटांना लागत होती, दोन पानं असावीत, किंवा तीन. गल्लीतून कुणाची तरी बैलगाडी गेली. केसरबाई वाट पाहत होती. मास्तरांनी खिशातलं पेन काढलं, पाकीट मांडीवर ठेवलं, शिक्क्याला शाई लागू नये अशी मोकळी जागा पाहिली, आणि आपल्या वळणदार, सुरेख अक्षरात तो शब्द लिहिला. शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघही ते विसरले नाहीत. "झालं जी?" तिनं विचारलं. "झालं," ते म्हणाले. तिनं हात जोडले. इसरूनं पाकीट थैलीत टाकलं, सायकल वळवली आणि गेला. मास्तर थैलीकडं पाहत राहिले. आपल्या घरी भिंगाखाली एक पाकीट आहे, त्याच्या जोडीला हे शोभलं असतं, तिकडं रानात हे कुणी जपून ठेवणार नाही, फाडून फेकतील, याचं त्यांना फार, फार वाईट वाटलं.